हळदीच्या अलीकडं

सिंधूनं पंच्यावर पसरलेल्या घेवड्याच्या शेंगा गोळा करून परातीत टाकल्या. शेवटची शेंग पडली तशी उमादेवीनं परात तिच्यापुढून ओढून घेतली.

"सर आता जरा. इथून पुढं आमी बघतो."

आवाजात राग नव्हता. थोरली जाऊ होती, रीत सांगत होती. सिंधू उठली, ओसरीवरून उतरून खालच्या पायरीवर जाऊन बसली.

घेवडा तिचाच. न्हाणीच्या सांडपाण्यावर परसात तिनंच वेल चढवला होता. शेंगा तिनं तोडल्या, शिरा तिनं काढल्या, मिठाच्या उकळत्या पाण्यातून काढताना बोटंही तिनंच भाजून घेतली. एवढ्याला विधवेचा हात चालतो. हळद लागायची वेळ आली की चालत नाही. हे कोणत्या पोथीत लिहिलंय, ते भोकर तालुक्यात कुणी वाचलेलं नाही. पाळतात मात्र सगळे.

हरिओम जाऊन दोन वर्षं झाली होती. त्याच्या अन् तिच्या लेकीचं, पुनमचं लग्न लातूरला ठरलं होतं अन् बारा दिवसांवर आलं होतं. रुखवतात मांडायला लोणच्याच्या पाच बरण्या हव्या होत्या. लोणचं सिंधूच्या चवीचं हवं होतं, हात सवाष्णीचा हवा होता.

"सिंधू, मोहरीची डाळ किती टाकू?"

"दीड मूठ."

"माझ्या मुठीनं?"

"तुमची मूठ मोठी हाय अक्का. एकच टाका."

शेजारची चतुराबाई मेथी कुटत होती. ती हसली. "माझी मूठ घ्या की. माझा मालक आठ वर्षं झालं हैदराबादला जाऊन बसलाय. हाय का मेला, देवाला ठाऊक. पण माझा हात चालतो बगा."

"गप गं, भवाने," उमादेवी म्हणाली, पण तीही हसली. सिंधूचंही तोंड हसल्यासारखं झालं.

हळद पडली, तिखट पडलं, लिंबं पिळली. उमादेवीनं तेलाची कढई उचलली. तेलातून अजून वाफ निघत होती.

"अक्का, थांबा, थंड होऊ द्या," म्हणत सिंधू उठली, दोन पायऱ्या चढली. हात पुढं झालाच होता.

पुनम भिंतीला टेकून काचेच्या बरण्यांच्या गळ्याला सोनेरी लेस बांधत होती. तिनं मान वर केली नाही.

"आई, बस ना तिथं. लातूरची माणसं लई बघतात. उद्या कुणी काही बोललं तर मला ऐकावं लागंल. एवढं लग्न होऊ दे."

सिंधू पुन्हा खाली जाऊन बसली. तिला वाटलं, आता दुखेल. तिनं वाट पाहिली. मुंग्या आलेल्या पायाला चिमटा काढावा अन् तो दुसऱ्याच कुणाच्या पायाला लागावा, तसं झालं. अंगणात कोंबडी माती उकरत होती. सिंधू तिच्याकडं बघत राहिली.

तेल निवलं. उमादेवीनं ते शेंगांवर ओतलं, वरखाली केलं. बरणी पुढं घेताना पळी हातातून निसटून खाली पडली. चतुराबाईनं ती बादलीत बुचकळली, एकदा झटकली अन् परत दिली. दोघींचं बोलणं मांडवाच्या जेवणावर गेलं होतं. पळीच्या खोलगटात पाणी चमकत होतं. ती तशीच परातीत गेली. पहिली बरणी भरायला लागली.

सिंधूचं तोंड उघडलं. पाणी लागलेलं लोणचं बारा दिवस टिकत नाही. बुरशी बरोबर मांडवात वर येणार होती, लातूरच्या माणसांपुढं. अजून एकच बरणी गेली होती. परातीतलं पुन्हा गरम तेलावर घालून वाचवता आलं असतं.

पुनम एका चौकोनी कागदावर चमकीच्या पेनानं लिहीत होती. लिहून झाल्यावर तिनं कागद लांब धरून बघितला, अन् उमादेवीला वाचून दाखवला.

"मोठ्या आईच्या हातचं लोणचं. चांगलं दिसतंय ना, मोठी आई?"

"दिसतंय की," उमादेवी लाजून म्हणाली. पुनमनं कागद पहिल्या बरणीला चिकटवला, अंगठ्यानं दाबला अन् दुसरा लिहायला घेतला.

उमादेवीनं पळी परातीच्या काठावर आपटली, पदरानं कपाळ पुसलं.

"सिंधू, सांगायचं काही राहिलं का गं? आत्ताच सांग, मग म्हणशील."

सिंधूनं लेकीकडं बघितलं. लेक मान खाली घालून अक्षर काढत होती.

"न्हाई," ती म्हणाली. "भरा."