हळदीच्या खोलीची कडी

मी एक जुनी कडी आहे. सध्या माझा मुक्काम हट्टा गावच्या एका भंगारवाल्याच्या टोपलीत आहे. एका अंगाला गंजका नळ, दुसऱ्या अंगाला कुणाच्या तरी सायकलचं पायडल. आज बाजाराचा दिवस आहे आणि मला कोण केव्हा उचलून नेईल याचा नेम नाही. म्हणून मित्रांनो, माझी गोष्ट तुम्हाला घाईघाईनेच सांगते.

मला भिवाजी लोहाराने घडवलं. मोडक्या बैलगाडीच्या चाकाभोवतीची लोखंडी धाव तोडून त्याने ही वीतभर लांब, चपटी पट्टी केली. एका टोकाच्या भोकातून खिळा ठोकून मला दाराच्या दोन फळ्यांपैकी एकीवर बाहेरून बसवलं आणि समोरच्या फळीवर आकडा ठोकला. मी खिळ्याभोवती फिरायची आणि आकड्यात पडले की दार बंद. भिवाजीने मला दोनदा उचलून पाडून पाहिलं आणि म्हणाला, “रामकिशनराव, नातवंडांपर्यंत टिकंल बघा ही कडी.” तेव्हा मी अभिमानाने फुलून गेले होते. आता ते शब्द आठवायलाही नको वाटतात.

रामकिशनच्या घरामागे हळदीची खोली होती. शिजवून वाळवलेली हळद पोत्यांत भरून तिथे ठेवायची. खोलीला खिडकी नव्हती, वर पत्रे होते. उनाड शेळ्या, आगाऊ कोंबड्या, भटकी कुत्री, सगळ्यांना मी दाराबाहेर ठेवलं. गावात कुणाचं दार वाऱ्याने उघडलं की लोक म्हणायचे, रामकिशनच्या घरासारखी कडी करून घे. एवढं कौतुक वाट्याला आलेली कडी तुम्ही पाहिली नसेल.

मग एका दुपारी वाळत घातलेल्या हळदीत शेळी शिरली. राखणीला बसलेला शिवशंकर, रामकिशनचा सात वर्षांचा मुलगा, खेळात रमला होता. बापाने त्याला दंडाला धरून खोलीत ढकललं आणि मला आकड्यात पाडलं. “गप बस. आवाज आला तं अजून राहशील.” पोरगं रडलं, म्हणून दिवस मावळेपर्यंत आत राहिलं. पुढच्या वेळी ते रडलं नाही. “सुधरून राहिलं पोरगं,” रामकिशन बायकोला म्हणाला, आणि त्याला ते खरंच वाटत होतं.

त्याची बायको सुमनबाई हळूच दारापाशी यायची. तिचा हात माझ्यावर पडायचा, बांगड्या फळीला लागायच्या. आता उचलेल, आता उचलेल असं मला वाटायचं. तेवढ्यात घरातून नवऱ्याचा खोकला ऐकू आला की ती हात काढून घ्यायची. तिला मी दोष देत नाही, त्या घरात तिलाही आवाज नव्हता. पण मित्रांनो, त्या हाताची मी वर्षानुवर्षे वाट पाहिली.

शिवशंकर बाहेर यायचा तेव्हा केसांपासून टाचांपर्यंत पिवळा झालेला असायचा. तसाच शाळेत गेला की पोरं म्हणायची, “काय नवरदेव, आज परत हळद लागली का?” सगळा वर्ग हसायचा. एकदा गुरुजीही हसले. लेकराला इतक्या वेळा हळद लागते कशी, हे मात्र कुणी विचारलं नाही.

नवव्या वर्षी त्याला एक तार सापडली. सायकलच्या चाकाची तार, टोकाला वाकवलेली. दोन फळ्यांच्या फटीतून ती बाहेर आली आणि तिने मला खालून अलगद उचललं. मी करकरले असते तर दुपारचा झोपलेला बाप जागा झाला असता. मी गप्प राहिले, तेवढंच माझ्या हातात होतं. तो ओढ्याकाठी जाऊन बोरं खायचा आणि बाप उठायच्या आत परत यायचा. आत शिरून फळ्या ओढून घ्यायचा आणि तारेने मला पुन्हा आकड्यात बसवायचा. मग तार भिंतीतल्या भोकात लपवून पोत्यावर बसून राहायचा. कोंडलेल्या जागेतून कसं निघावं हे तो शिकला. आपण निघालोच नव्हतो हे कसं दाखवावं, हेही शिकला.

पुढे त्याची शाळा सुटली आणि तो घरातून दिवसदिवस बाहेर राहू लागला. लोक शेतात जाताना पुढच्या दाराला कुलूप लावतात आणि मागच्या दाराला आतून कडी. तशा एका घराची मागची कडी तारेने उचलून त्याने पहिल्यांदा दोन भाकरी नेल्या. नंतर हंडे गेले, मग विहिरीच्या मोटारीच्या वायरी, मग एका म्हातारीची सोन्याची पोत. ती म्हातारी आठ दिवस जेवली नाही. मी कडी आहे, दार बंद ठेवणं हा माझा धर्म आहे, त्यामुळे चोरीला मी चांगलं म्हणणार नाही. फक्त ते बोट पहिल्यांदा कुठे शिकलं ते मला ठाऊक आहे.

रामकिशन गेला. शिवशंकरचं प्रियंकाशी लग्न झालं, कोमल जन्मली. बारशाच्या दिवशी त्याने मला वर उचलून सुतळीने घट्ट बांधून टाकलं. “या दाराला आता कडी लागणार न्हाई,” तो आईला म्हणाला. सुमनबाई पदराने डोळे पुसत राहिली. सहा वर्षं मी बांधलेली होते. अंगावर गंज चढला, आणि मित्रांनो, तो गंज मला आवडला.

यंदा शिमग्याच्या आधीची गोष्ट. प्रियंका दुसऱ्या बाळंतपणासाठी कळमनुरीला माहेरी गेली होती. सुमनबाई लोकांच्या हळदीच्या शिजवणीवर मजुरीला गेली होती. दोन अनोळखी माणसं दारात आली. शिवशंकर घरातच होता. कोमलला त्याने सांगून ठेवलं होतं, कुणी विचारलं तर बाबा गावाला गेलेत म्हण. कोमल म्हणाली, “हायेत की, आत हायेत.” ती माणसं हसली आणि निघून गेली.

“काहून सांगितलंस?” शिवशंकरने विचारलं.

“बाईंनी सांगितलंय, खोटं बोलू नये.”

त्याने तिला दंडाला धरलं आणि हळदीच्या खोलीत ढकललं. सुतळी एका हिसक्यात तुटली. मी आकड्यात पडले. “गप बस. आवाज आला तं अजून राहशील.”

तेच शब्द, त्याच क्रमाने. बोलल्यावर तो स्वतःच थबकला. त्याचा हात परत माझ्याकडे आला. त्याने मला उचललं असतं, ही माझी खात्री आहे. पण तेवढ्यात पोलिसांची जीप अंगणात शिरली आणि जमादारामागून तीच दोन माणसं उतरली.

“सात घरं फोडली,” जमादार म्हणाला, “अन् साती घरांची मागची कडी चोरी झाल्यावर परत लावलेली. लोकांना आठ-आठ दिवस पत्ताच न्हाई. इतका व्यवस्थित चोर कुठं असतो का?” शिवशंकर खाली बघत होता. जमादाराचा आवाज चढला. “बोल, अजून काय सांगायचंय?”

मोठ्या आवाजापुढे तो माणूस माझ्या डोळ्यांदेखत सात वर्षांचा झाला. त्याने माझ्याकडे पाहिलं. ओठ हलले. आवाज केला की शिक्षा वाढते, एवढं एकच त्याच्या अंगात मुरलेलं होतं. आवाज फुटला नाही. जीप त्याला घेऊन निघून गेली.

आत कोमल होती आणि तीही गप्प होती, कारण तिला गप्प बसायला सांगितलं होतं. पत्रे तापले. रस्त्याने माणसं गेली, शेजारची नर्मदाबाई अंगणातून कोंबडी हाकलत गेली, कुणाला काही कळलं नाही. मी त्या दिवशी भिवाजीच्या कारागिरीला शिव्या दिल्या. खिळा तुटावा, गंजाने मला खाऊन टाकावं, मी इतकी पक्की का आहे, असा आक्रोश करत राहिले. लोखंडाचा आक्रोश कुणाला ऐकू जातो?

आणि मग फटीतून तार आली. पिवळी पडलेली तीच तार. भिंतीतल्या त्याच भोकात लेकराचा हात पोचला होता.

तिने मला उचललं. बाहेर आली. रांजणातून दोन पेले पाणी प्यायली. मला वाटलं, आता नर्मदाबाईकडे धावेल. ती अंगणात उभी राहून रस्त्याकडे बघत राहिली. मग फ्रॉकला तोंड पुसलं, परत खोलीत गेली, फळ्या ओढून घेतल्या आणि तारेने मला आकड्यात बसवू लागली.

सुमनबाई तेव्हाच अंगणात आली होती. फटीतून आत जाणारी तार तिने पाहिली. पंचवीस वर्षांपूर्वीही एकदा पाहिली होती, आणि कुणाला बोलली नव्हती.

“कोमल?”

“मी आतच हाय, आजी. मी कुठंबी गेले न्हाई.”

सुमनबाईचा हात माझ्यावर पडला. घरातून खोकायला आता कुणी नव्हतं. तिने मला उचललं आणि लेकराला छातीशी धरून तिथेच उंबऱ्यावर बसली. “माझ्याच्यानं उशीर झाला गं बाई,” एवढंच ती म्हणत राहिली.

त्याच संध्याकाळी तिने पहारीने मला उपटून काढलं. महिनाभर मी घराच्या मागच्या खिडकीत पडून होते, मग तिने मला भंगारात घातलं. शिवशंकर तुरुंगात आहे. कळमनुरीहून निरोप आला, मुलगा झाला. पण त्या खिडकीतून मला रोज एक गोष्ट दिसायची. कुणी मोठ्याने बोललं, नुसती हाक जरी मारली, की कोमल आपली उठून त्या खोलीत जाते, दार ओढून घेते आणि गप्प बसते. आजी बाहेरून सांगते, “बाई, कडी न्हाई आता, ये ना.” ती येत नाही. मी दारावर नाही, तरी तिच्या बाजूने ते दार बंदच आहे. ते कसं उघडायचं, मला माहीत नाही.

मित्रांनो, तुमच्या वर्गात कुणी पिवळं होऊन आलं तर हसू नका. जवळ बसा आणि विचारा.

आता थांबते. एका माणसाने मला टोपलीतून उचललं आहे. बोटावर दोनदा पाडून पाहतो आहे. “मजबूत हाय,” म्हणतो आहे. त्याच्या मागे एक लेकरू उभं आहे, हूं की चूं करत नाही. तुम्ही तरी त्या माणसाला सांगा. मला न्यायचंच असेल तर ने म्हणावं, पण दाराच्या आतल्या बाजूने लाव, आणि त्या लेकराचा हात पोचेल इतकी खाली.