आत सोडलेलं कापड

आमच्या वर्गात मास्तर एकच होते, आणि ते शेवटच्या बाकावर बसायचे. शिकवायचे मी, मला सगळे बाई म्हणत. मास्तर म्हणजे शिंपी. तिकडे मायदेशी भर बाजारात तीस वर्षं स्वतःचं दुकान चालवलेले, पन्नाशी उलटलेले, आणि इथल्या भाषेत 'पुढे उजवीकडे वळा' एवढंच येणारे. वर्गात माझी भाषा बोलणारे ते एकटे, म्हणून इतरांपेक्षा जास्त बोलणीही त्यांनीच खाल्ली.

परदेशातून आलेल्या मोठ्या माणसांना भाषा शिकवायची, मुलाखतीची तयारी करून घ्यायची आणि कामाला लावायचं, हे आमच्या केंद्राचं काम. ऐकायला फार छान वाटतं. आमच्या साहेबांना मात्र महिनाअखेरीला एकच आकडा लागतो, किती जण कामाला लागले. कोण कुठल्या कामाला लागलं, हे त्यांनी सहा वर्षांत एकदाही विचारलेलं नाही. मीही कधी सांगायला गेले नाही.

मास्तरांना नोकरीचं पत्र हवं होतं. ते मिळालं तर बायकोला आणता येणार होतं. वर्षअखेरपर्यंत नाही मिळालं, तर तिचा अर्ज बाद. मी त्यांचा अर्ज भरायला घेतला.

"अनुभव किती वर्षांचा?"

"तीस. वडिलांच्या हाताखालची धरली तर अडतीस."

मी 'दोन' लिहिलं. मास्तरांनी चष्मा पुसून परत घातला.

"बाई, काहीतरी चुकलं."

"चुकलं नाही. जागा शिकाऊ कामगाराची आहे. तीस वर्षं वाचली की त्यांना वाटतं, हा बाबा आपल्यालाच शिकवायला बसेल. अर्ज सरळ टोपलीत."

"मग निदान आत थोडं सोडा."

"म्हणजे?"

"कपडा बेतताना आम्ही शिवणीच्या आत दोन बोटं कापड सोडतो. उद्या माणूस अंगानं भरला, तर उसवून वाढवता येतं. तुम्ही तर पार शिवणीपर्यंत कापताय."

"मास्तर, हा अर्ज आहे, सदरा नाही," मी म्हणाले. बाहेर सात जण ताटकळत होते. शिवाय मी इथे आले तेव्हा कॉलेजात शिकवल्याची माझी अकरा वर्षं अशीच कापली होती, माझ्याच हातानं. मला नाही कुणी आत सोडू दिलं, तर यांचे लाड कशाला?

मग घोकंपट्टी सुरू झाली. मी विचारायचं, "तुम्हाला किती वर्षांचा अनुभव आहे?" आणि मास्तरांनी इथल्या भाषेत म्हणायचं, "मला दोन वर्षांचा अनुभव आहे." दोन आठवडे त्यांच्या तोंडून 'तीस'च निघत होतं. मी टेबलावर पट्टी आपटायचे, वर्ग हसायचा आणि मास्तर कानापर्यंत लाल व्हायचे. तिसऱ्या आठवड्यात एकदाचं जमलं.

कपड्यांच्या कारखान्यात नोकरी लागली. काम काय, तर तयार सदऱ्यांना लोंबणारे धागे कापायचे, दिवसभर उभं राहून. पण पत्र मिळालं आणि बायको आली. साहेबांनी मास्तरांचा फोटो काढून भिंतीवर लावला. हातात कात्री, तोंडावर हसू. कात्री धागे कापायची आहे, बोटभर, ते फोटोत कळत नाही.

चार महिन्यांनी एका दुपारी मास्तर परत आले. वर्ग सुरू व्हायला अर्धा तास होता.

"सदऱ्यांचा एक गठ्ठा बिघडला होता," ते म्हणाले. "कॉलर बसेना. मला राहवलं नाही. खडू घेतला, खुणा केल्या, सगळ्या कॉलरी परत बेतून दिल्या. मुकादमीण बघत होती. म्हणाली, बेतणाऱ्याची जागा रिकामी आहे, अर्ज करा."

"अहो, मग छानच की!"

"ऑफिसात माझा कागद काढला. पाच वर्षं लागतात, तुमची दोनच, म्हणाले. मी म्हटलं, तीस आहेत. तर विचारतात, मग खोटं कधी बोललात, तेव्हा की आत्ता?"

मी त्यांच्यापुढे खुर्ची सरकवली.

"बायको रोज माझी नखं बघते. दुकानात होतो तेव्हा खडूनं पांढरी असायची. परवा पांढरी दिसली तर केवढी हरखली. म्हणाली, झालात का परत मास्तर?" त्यांनी हात टेबलावर ठेवले. नखं स्वच्छ होती. "बाई, माझी अठ्ठावीस वर्षं तुमच्याकडे राहिलीत. तेवढी परत लिहून द्या."

मी फाइल काढली. अर्जाच्या तळाशी 'वरील माहिती खरी आहे', आणि खाली मास्तरांची सही, इथल्या लिपीत. ती लिपीही मीच गिरवून घेतली होती. याच कागदाची प्रत बायकोच्या इथे राहायच्या परवान्याला जोडलेली. आता 'तीस' लिहायचं, तर आधीचं खोटं होतं हे मान्य करायचं. मग तो परवाना पुन्हा तपासायला निघणार, आणि तिला परत पाठवायलाही ते कमी करणार नाहीत. मी हे सगळं त्यांना सांगितलं. सांगताना माझीच मला लाज वाटली.

"म्हणजे उसवता येत नाही," मास्तर म्हणाले.

"नाही."

त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फाइल मिटून माझ्याकडे सरकवली. मग म्हणाले, "आज सुट्टी आहे. इतक्यात घरी गेलो तर ती विचारेल, काय झालं म्हणून. बसू का जरा वर्गात?"

ते आपल्या जुन्या बाकावर जाऊन बसले. नवी माणसं आली. एक गवंडी, एक नर्स, एक ट्रकवाला, सगळे माझ्याहून मोठे, सगळे वह्या घेऊन. मी फळ्यापाशी उभी राहिले आणि रोजचा प्रश्न विचारला, "तुम्हाला किती वर्षांचा अनुभव आहे?"

कुणाला उत्तर येईना. तेव्हा मागून आवाज आला, इथल्या भाषेत, न अडखळता, उच्चारात एकही चूक नाही.

"मला दोन वर्षांचा अनुभव आहे."

सगळे कौतुकानं मागे वळून बघायला लागले. आणि माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "शाब्बास."