अजून वास येतोय का?

मी चिंध्यांची सतरंजी बोलतेय. आमच्या जातीला बोलायची सवय नाही. पाय पडतात, आम्ही पडून राहतो. पण माझ्या हातून एक वाईट गोष्ट घडली आहे. हातून कसली, अंगातून. ती कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

माझा जन्म फिनलंडमधल्या एका तळ्याकाठच्या गावात, गावच्या सामायिक मागावर झाला. लाइनानं मला विणलं. तिच्या नवऱ्याचे, ताउनोचे, विटके शर्ट, उशांचे जुने अभ्रे आणि एक लाल पडदा, एवढंच माझं भांडवल. पडदा टराटरा फाडताना ताउनो म्हणाला होता, "चांगला होता की तो."

"तीन वर्षं भोक पडलंय त्याला. तुला आज दिसला होय?" लाइना म्हणाली.

त्या दिवसभरात ताउनोच्या तोंडून निघालेलं ते एकच वाक्य होतं. माणूस वाईट नव्हता हो. पण त्याच्याकडून शब्द काढायचा म्हणजे दगडातून पाणी काढण्यापैकी काम. आणि मदत मागणं? ते तर त्याच्या सात पिढ्यांत कुणी केलं नव्हतं.

लाइनानं तीस वर्षं लोकांच्या इमारती पुसल्या. बादलीत उग्र औषध ओतायचं, श्वास रोखायचा आणि पुसत सुटायचं. "त्यानंच माझ्या छातीचं वाटोळं झालं," असं ती म्हणायची. डॉक्टर म्हणत, असेलही. म्हणून स्वतःच्या घरात तिनं तसली बाटली कधी येऊ दिली नाही. नळावरचे पांढरे डाग व्हिनेगरनं जायचे, कपांवरचे कॉफीचे डाग खायच्या सोड्यानं, करपलेली भांडी मिठानं. लाकडी जमीन आणि मी, आमच्या वाट्याला पाइनच्या झाडाचा साबण. काकवीसारखा तपकिरी, दाट. त्यानं धुतलं की आठवडाभर घराला रानाचा वास यायचा.

दर जूनमध्ये माझी आंघोळ असायची. तळ्यापासून थोडं वर, सतरंज्या धुवायला गावानं जागा बांधली आहे. लांब लाकडी टेबलं, नळ, दोन रुळांमध्ये घालून पिळायचं यंत्र आणि वाळत घालायला दांड्या. तिथं बायकांचं राज्य. घासायचं, कॉफी प्यायची, वेलचीचा पाव खायचा आणि जी आलेली नाही तिच्याविषयी बोलायचं. ताउनो मला गाडीतून उतरवून द्यायचा आणि काचा वर करून पेपर वाचत बसायचा. चाळीस जून त्यानं असे गाडीत बसून काढले. मला कसं धुतात हे त्यानं कधी पाहिलंच नाही.

यंदा वसंतात लाइनाला दवाखान्यात ठेवलं. ती परत उठणार नाही हे सगळ्यांना कळून चुकलं होतं, तिला तर सगळ्यांच्या आधी. तिचं एकच मागणं होतं. "युहान्नुसला मला घरी न्या. दोन रात्री माझ्या पलंगावर झोपू द्या. मग काय व्हायचं ते होऊ दे."

युहान्नुस म्हणजे आमचा ऐन उन्हाळ्यातला सण. डॉक्टरांनी हो म्हटलं. नर्सनं फोनवर ताउनोला बजावलं, "घर स्वच्छ हवं हं. जंतू अजिबात नकोत."

ताउनोनं घराकडे पाहिलं. एकट्या बाप्यानं तीन महिने राहिलेलं घर ते! माझ्यावर तर कॉफी, चिखल, माशांचं तेल, सगळं नांदत होतं. शेजारची इर्या, लाइनाची शाळेपासूनची मैत्रीण, कुंपणापलीकडून म्हणाली, "अरे ताउनो, सतरंजी दे की टाकून माझ्या गाडीत. शनिवारी आम्ही जातोच आहोत. नाहीतर तूच ये, शिकवते तुला."

"जमतं मला," ताउनो म्हणाला.

बायकांच्यात उभं राहून 'हे कसं करायचं?' असं विचारायचं? त्यापेक्षा मरण पत्करलं असतं त्यानं. तो दुकानात गेला आणि जंतू मारणारी सगळ्यात जालीम बाटली घेऊन आला. अंगणातल्या वाफेच्या न्हाणीघरात मला टबात बुडवलं आणि बाटली उपडी केली. मी दिवसभर त्यात होते. माझे लाल पट्टे डोळ्यांदेखत उतरत गेले. तोंड असतं तर किंचाळले असते. त्यानं मला तीनदा खळबळलं, शेगडी पेटवून तिथंच उबेत वाळवलं. उरलेल्या बाटलीनं घराची जमीन पुसली. गुडघ्यांवर बसून, कोपरान्कोपरा. कंबर धरली तरी थांबला नाही. इतक्या आनंदात मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. शीळ घालत होता हो तो!

आता तुम्ही म्हणाल, लाइनाची छाती अशी, हे त्याला ठाऊक नव्हतं? ठाऊक होतं. पण ती चाळीस वर्षं सांगत होती आणि तो चाळीस वर्षं 'हं' म्हणत होता. बाबांनो, दुखऱ्या छातीच्या माणसासाठी घर आवरायचं तर वाटीभर व्हिनेगर आणि उघडी खिडकी पुरते. आणि माहीत नसेल तर विचारा. शेजारणीला विचारल्यानं कुणाचं नाक कापलं जात नाही.

लाइना आली. सणाच्या रिवाजाप्रमाणे दाराच्या दोन्ही बाजूंना ताउनोनं बर्च झाडाच्या फांद्या उभ्या केल्या होत्या.

"अगोबाई, फांद्यासुद्धा लावल्यास?" ती म्हणाली. हाताशी प्राणवायूची नळकांडी, अंगात काही उरलेलं नाही. बूट काढून तिनं माझ्यावर एक पाय ठेवला. किती हलका पाय! मांजराचा पडावा तसा. मला वाटलं, आली बाई घरी.

आणि तिला ठसका लागला. तो थांबेचना. तीस वर्षं जो वास तिनं छातीत भरून घेतला तोच माझ्या अंगातून वर येत होता, आणि मला तो आवरता येत नव्हता. ताउनो खिडक्या उघडत धावत सुटला. "जाईल, आत्ता जाईल!" त्यानं तिला उचलून बाहेर पायरीवर बसवलं आणि मला ओढून कुंपणावर टाकलं. पण जमिनीच्या फळ्याफळ्यांतून तोच वास येत होता. त्या कुठं टाकणार?

दुपारभर ती पायरीवरच बसली. नवे बटाटे आणि शेपू ताटलीत घेऊन त्यानं तिथंच आणून दिले. दोन घास खाल्ले तिनं.

"मी काय केलं हे लाइना," तो म्हणाला.

"बस ना इथं. घर छान चमकतंय. आणि इथून तळं दिसतं." तिनं त्याला शब्दानंही दोष दिला नाही. मी कुंपणावरून ऐकत होते, आणि मला तो दोषापेक्षा जड गेला, तिचा समजूतदारपणा.

सहा वाजता दवाखान्याची गाडी येऊन तिला परत घेऊन गेली. स्वतःच्या पलंगावर ती एक रात्रही झोपली नाही. आठव्या दिवशी दवाखान्यातच वारली. डॉक्टर म्हणाले, त्या वासानं काही झालं नाही, छातीच संपली होती. ताउनोनं ते ऐकलं आणि नेहमीसारखा 'हं' म्हणाला.

त्यानंतरच्या शनिवारी त्यानं मला धुवायच्या जागेवर नेलं. इर्यानं त्याच्या हातात ब्रश दिला, साबण ओतला आणि दाखवलं, असं, उभ्या रेघेत घास. धुऊन झाल्यावर त्यानं मला तिच्या नाकाशी धरलं.

"अजून वास येतोय का?"

"नाही रे. साबणाचाच येतोय."

पुढच्या शनिवारी तो पुन्हा आला. त्याच्या पुढच्याही. जुलै गेला, ऑगस्ट गेला. दर शनिवारी घासणं, दर शनिवारी तोच प्रश्न, आणि इर्याचं तेच उत्तर. ते ऐकून तो मान खाली घालून जायचा. माझे धागे आता सुटायला लागले आहेत. मधोमध तर आरपार दिसतं.

काल थंडीपूर्वीचा शेवटचा शनिवार होता. सोमवारी नळ बंद होणार. दुसरं कुणीच आलं नव्हतं. त्यानं मला धुतलं आणि इर्यापुढे धरलं. इर्यानं आधी त्याच्या सोललेल्या हातांकडे पाहिलं. मग वाकून माझा वास घेतला, बराच वेळ.

"येतोय," ती म्हणाली. "थोडासा. ह्या टोकाला."

"मला वाटलंच," ताउनो म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले.

धादांत खोटं बोलली ती. वास केव्हाच गेलाय. माझं अंग आहे, मला कळणार नाही? पण मला तिचा राग आला नाही. 'नाही' ऐकून तो दर वेळी एकटाच निघून जायचा; 'येतोय' ऐकल्यावर दोघांनी मिळून मला पुन्हा धुतलं. नेहमी तो मला एकटाच खांद्यावर टाकून पिळायच्या यंत्रापर्यंत न्यायचा, कुणाला हात लावू द्यायचा नाही. काल थांबला, आणि माझं दुसरं टोक त्यानं इर्याकडे सरकवलं.

"धर," तो म्हणाला.