लिंडक्विस्टबाईंचं पाणी

वेर्डा लिंडक्विस्ट यांची खालची डावी दाढ सडली होती आणि गाल कालपासून सुजला होता. बधिर करायच्या इंजेक्शनाने पूर्वी एकदा त्यांचा श्वास कोंडला होता, त्यामुळे ते बाद. डॉक्टर स्टकींनी संमोहनाने दाढ काढायचं ठरवलं. फिनिक्स शहरातली १९५८ सालची ही गोष्ट.

मी डॉक्टरांची मदतनीस. शरीरशास्त्र शिकलेली, म्हणून संमोहनाचा छापील मजकूर वाचायचा आणि श्वास मोजायचे, हे माझं काम.

"तुमच्या पापण्या जड होत आहेत," मी वाचलं.

"माझ्या नाहीत. तुझ्या होतायत का बघ, पोरी."

"तुमचे हात सैल पडत आहेत."

"चाळीस वर्षांत नवऱ्याच्या सांगण्यावरून सोडले नाहीत, तर तुझ्या कशी सोडीन?"

श्वास मिनिटाला बावीस. तिसऱ्या वाचनाला तर बाई पुढचं वाक्य माझ्याआधी म्हणू लागल्या. मग एकदम डॉक्टरांकडे वळल्या.

"आज नाही निघाली तर?"

"सूज गळ्यात उतरेल," डॉक्टर म्हणाले.

"मग तशीच उपटा." खुर्चीच्या दांड्यांवर त्यांची बोटं पांढरी पडली होती.

डॉक्टरांनी माझ्या हातातला कागद काढून घेतला आणि स्टूल पुढे ओढलं.

"बाई, तुमची संत्र्यांची बाग आहे ना? माझी झाडं पिवळी पडलीत. रोज पाइपने बुंध्यावर पाणी मारतो, तरी."

"रोज? बुंध्यावर? डॉक्टर, खून करताय तुम्ही."

"मग कसं करू?"

"पाण्याची आपली पाळी आली की पाटाची फळी उचलायची आणि गप्प उभं राहायचं. पाणी आपलं आपण पसरतं. त्याला ढकलायचं नसतं."

"जानेवारीत पायांना गार लागत असेल."

"आधी झोंबतं. मग घोट्याखाली पाय आपले राहतच नाहीत. मुंगी चावली तरी कळत नाही."

"आणि शेवटी कुठे पोचतं?"

"डावीकडचं, कोपऱ्यातलं झाड."

"तिथे पोचलं की सांगा. घाई नाही."

पाणी पोचेल तसं बाई एकेक झाड सांगू लागल्या. दोन झाडं सांगण्यामधलं अंतर वाढत गेलं. श्वास सोळा, मग बारा, मग नऊ. डोळे उघडे होते, पण पापणी लवत नव्हती.

"पोचलं," त्या जडपणे म्हणाल्या.

"छान. पाण्याकडे बघत राहा, आणि तोंड उघडा."

दाढ निघायला चार मिनिटं लागली. श्वासाचा आकडा नऊच राहिला.

"आता फळी खाली टाकू या," डॉक्टर म्हणाले. बाईंनी पापण्या मिटल्या, उघडल्या, आणि तोंडातल्या कापसाच्या बोळ्यातून विचारलं, "सुरू कधी करणार?"

डॉक्टरांनी ताटली पुढे धरली. बाईंनी दाढ उलटीसुलटी करून पाहिली.

"पण मी संमोहित झालेच नाही. मी तर बोलत होते."

"खरं आहे."

"पोरी, तसं लिहून ठेव." मी तसं लिहिलं आणि त्याखाली श्वासांचे आकडे लिहिले.

दारातून बाई मागे वळल्या. "डॉक्टर, गुरुवारी सकाळी येते तुमच्याकडे. त्या झाडांचं बघायलाच हवं."

डॉक्टर "या" म्हणाले. त्यांच्या अंगणात एकही झाड नव्हतं. बुधवारी आम्ही दोघं रोपवाटिकेत गेलो. आम्हाला संत्र्याची तीन झाडं हवीत आणि ती पिवळीच हवीत, हे मालकाला पटवताना बराच वेळ गेला.