पैलवानाचा रिपोर्ट

काचपट्टीवर थेंब ठेवून वळू केंद्राच्या प्रयोगशाळेतल्या बाईंनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. नेहमीचीच झुंबड, एकाही शुक्राणूला थांबायला फुरसत नाही. हे असंच बघून त्यांनी तीन वर्षं पैलवान वळूचं वीर्य पास केलं होतं. आणि तीन वर्षं त्या वीर्याने गाई गाभण राहत नव्हत्या.

"बघा, कसे धावतात!" पैलवानाला वासरू असल्यापासून सांभाळणारे काका दारातून म्हणाले. "दोष गाईंचाच. लोकांचं काय, नाचता येईना अंगण वाकडं."

हेच ते आपल्या मुलाबद्दलही सांगत. पोरगा धडधाकट, दोष सुनेचा. पाच वर्षं नातवंडाची वाट पाहून गेल्या वर्षी त्यांनी स्वतःच तिला माहेरी सोडून दिलं होतं.

बाईंना आज वाद घालायचं त्राण नव्हतं. गाई गाभण राहत नाहीत म्हणून त्यांनीही गावोगाव गाईंना कृत्रिम रेतन करणाऱ्या दोघा कर्मचाऱ्यांवर खापर फोडलं होतं, तेही लेखी. ते आता मनाला लागत होतं.

"काका, बसा. रक्ताचा रिपोर्ट आलाय. खोट जन्मापासूनची आहे. आईकडूनही आली, बापाकडूनही. ते दोघं ठणठणीत, पण ह्याच्या वाट्याला दोन्ही बाजूंनी तेच आलं. शुक्राणू धावतात, गाईच्या बीजापर्यंत पोचतात. आत शिरत नाहीत."

"पण दिसायला तर चांगले आहेत."

"म्हणून तर फसलो आपण."

"म्हणजे गाई..."

"गाईंचा काही दोष नव्हता, काका."

आता पैलवान इथे राहणार नाही, हे दोघांनाही कळत होतं. काका भांडतील म्हणून बाईंनी उत्तरं जुळवून ठेवली होती. काका भांडले नाहीत. रुमालाने कोरडेच हात पुन्हा पुन्हा पुसत राहिले.

"माणसाचं असं कुठे तपासतात?"

बाईंनी एका चिठ्ठीवर पत्ता लिहून दिला. "मुलाला पाठवा."

काकांनी चिठ्ठी घडी करून खिशात घातली.

"तो जाईल तेव्हा जाईल. रिपोर्ट यायचा तो येईल. माझी उद्याची रजा लिहा."

बाईंनी रजेचं रजिस्टर ओढलं. "कारण?"

"सुनेला आणायला जातोय. कोणत्या तोंडाने जाऊ, ते कळत नाही."

बाईंनी लिहिलं, मग पेन थांबवलं. "आणि ती नाही म्हणाली तर?"

काका उठले. पैलवानाची पाण्याची बादली उचलून दाराशी गेले.

"मग दोन दिवसांची लिहा."