नकाराच्या तालमीतला काळा कोट

मी एक जुना काळा कोट आहे. मित्रांनो, जुना म्हटले म्हणून नाक मुरडू नका. माझे कापड आजही हात लावून पाहावे असे आहे, आणि माझ्या काजांचा एकही धागा अद्याप सुटलेला नाही. उजव्या बाहीला कसर लागली आहे, ती गोष्ट वेगळी. ताठ बसा आणि ऐका. मला जे सांगायचे आहे ते रंजक नाही. पण ते न सांगता चिंधी होऊन जाणे मला मान्य नाही.

मला एका म्हाताऱ्या शिंप्याने शिवले. माझे मालक तेव्हा नवे वकील झाले होते आणि माप देताना छाती फुगवून उभे होते.

"श्वास सोडा, साहेब," शिंपी म्हणाला. "कोर्टात दिवसभर असं उभं राहाल, तर अशिलाआधी तुम्हीच कोसळाल."

त्याने माझ्या छातीत ताठपणासाठी दुपदरी कॅनव्हास घातले, अस्तर हाताने टाचले आणि डाव्या अंगाला आत एक खोल खिसा ठेवला. पुढची सव्वीस वर्षे मी न्यायालयात उभा राहिलो. लोक मला पाहून वाट सोडत. घरी आल्यावर वकिलीणबाई मला स्वतः झटकत, हँगरवर टांगत आणि म्हणत, "या कोटाला कोणी हात लावायचा नाही." मला त्या आज्ञेचा मोठा अभिमान होता.

मालक गेले आणि मी डांबरगोळ्यांच्या वासात कपाटात बंद झालो. एका दुपारी दार उघडले. हात धाकट्या मुलाचा होता. त्याने माझे सगळे खिसे चाचपले, अस्तराची शिवण दातांनी उसवली आणि आत कागदाची एक इवलीशी पुडी लपवली. पुडीची घडी त्याच्या बोटांनी न बघताच घातली होती: चारही कडा आत, एक टोक बाहेर. अशा पुड्या माझ्यात दोन वर्षे येत-जात राहिल्या. बाहेरचे बोलणे मला ऐकू येई, "पोरगा अभ्यासानं खंगला हो." मग तो हात यायचा थांबला, आणि घरात रडणे सुरू झाले.

महिन्याभराने वकिलीणबाईंना माझ्या अस्तरात शेवटची पुडी सापडली. ती हातात धरून त्या संध्याकाळपर्यंत जमिनीवर बसून होत्या. मग उठल्या, अस्तराला टाका घातला आणि शेजारच्या दोघांना बोलावणे धाडले. एक निवृत्त परिचारिका होत्या, ज्यांना सगळी गल्ली सिस्टर म्हणे. दुसरे निवृत्त कंडक्टरकाका.

"आपण शाळांत जायचं," वकिलीणबाई म्हणाल्या. "पोरांना हे नशेचं विष कसं ओळखावं आणि नाही कसं म्हणावं, ते शिकवायचं."

"मला आयुष्यात फक्त तिकीट फाडता आलं, वहिनी," काका म्हणाले.

"मग पोरांना रांगेत बसवा. बाकीचं मी बघते."

अशी ती तिघांची संस्था उभी राहिली. दर शनिवारी एक शाळा, प्रत्येक वर्गाला दहा पाठ. राग कसा आवरावा, मनातले कोणाला सांगावे, मैत्री कशी निवडावी, असे एकेक विषय असत. सिस्टर शरीराची हानी समजावून सांगत, काका शिट्टी फुंकून वेळ पाळत. सातवा पाठ मुलांचा सर्वांत लाडका होता. त्याचे नाव नकाराची तालीम. एका मुलाने मला अंगात घालायचे आणि पुडी देणारा व्हायचे. दुसऱ्याने तीनदा नकार द्यायचा, कारण सांगायचे आणि तिथून निघून जायचे. माझ्या खिशात खडूच्या भुकटीची खोटी पुडी असे.

मित्रांनो, ज्याने सव्वीस वर्षे न्यायापुढे मान ताठ ठेवली, त्याला खलनायकाचे वस्त्र व्हावे लागले. मला ते झोंबले. मुले मला घालून डोळे वटारत, काल्पनिक मिशांना पीळ देत आणि घोगऱ्या आवाजात म्हणत, "ए पोऱ्या! घेतोस का पुडी? हा हा हा!" समोरचा तीनदा नाही म्हणे आणि सारा वर्ग हसून लोळे.

सिस्टर एकदा हळूच म्हणाल्या, "हा असला राक्षस आला, तर कोणीही नाहीच म्हणेल हो. खरा देणारा असा येतो का?"

"मुलं आहेत. हसत शिकू द्या," वकिलीणबाई म्हणाल्या, आणि विषय मिटला.

मग एका शाळेच्या नववीच्या वर्गात लवंगी उभी राहिली. तिचे खरे नाव मी सांगणार नाही. चणीने लहान आणि जिभेने तिखट, म्हणून वर्गाने तिला हे नाव दिले होते. दुसऱ्या मजल्यावरची ती खोली, खिडकीची एक काच फुटलेली, तिथे पुठ्ठा लावलेला. मी तिच्या गुडघ्यांखालपर्यंत लोंबलो. पोरे ओरडली, "कोटच चालत आला रे!"

तिने मिशांना पीळ दिला नाही. ती बाकावरच्या मैत्रिणीशेजारी जाऊन बसली, तिच्या खांद्यावर हात टाकला आणि अगदी मायेने बोलू लागली.

"दमलीस ना गं? ये, अशी जवळ ये. रात्रभर तळमळतेस, मला काय दिसत नाही? अर्धीच घे. पूर्ण मी तरी कुठं देतेय तुला? बळजबरी नाही हं. मला तुझ्याशिवाय आहे कोण? फक्त आईला बोलू नकोस. तिच्या जिवाला आधीच किती घोर."

मैत्रीण नकाराची तिन्ही वाक्ये पाठ करून आली होती. तिला एकही आठवेना. तिने मान हलवली आणि पुडीसाठी हात पुढे केला.

मग टाळ्यांचा कडकडाट उठला. "वा गं लवंगी! तू नाटकातच जा!" काका म्हणाले. वकिलीणबाईंनी तिला स्वतःचे पेन बक्षीस दिले.

मी तिच्या अंगावर होतो, म्हणून मला जे कळले ते त्यांना कळले नाही. बोलताना तिचे काळीज जरासुद्धा धडधडले नव्हते. पाठ केलेले बोलणारी मुले घाबरतात. ही रोजचे बोलत होती. आणि टाळ्या चालू असताना तिचा हात माझ्या खिशात गेला. आमची ती गबाळी, खोटी पुडी तिच्या बोटांनी न बघता उलगडली आणि पुन्हा घातली. चारही कडा आत, एक टोक बाहेर.

घरी कोणीतरी तिला हे सारे म्हणत होते. कोणीतरी विचारावे म्हणून ती ते आमच्यापुढे मांडत होती. एक प्रश्न पुरला असता. आम्ही तिला पेन दिले.

एवढ्यावर थांबले असते तरी बरे होते. वकिलीणबाईंना ती गवसली आणि त्यांनी तिला सोडले नाही. आठवीपुढे, दहावीपुढे, शिक्षकांच्या सभेपुढे, लवंगीची तालीम सगळीकडे होऊ लागली. प्रत्येक वेळी ती एखादे वाक्य वाढवी. "बघ, माझे हात कसे कापतात, तू नाही घेतलंस तर मला एकटीला घ्यावी लागेल." पुढच्या खेपेस, "परवापासून मला एक पुरत नाही गं." लोक डोळे पुसत. कोणी म्हणे, काय निरीक्षण आहे पोरीचे! मित्रांनो, ती मुलगी दर शनिवारी साक्ष देत होती, आणि आम्ही तिच्या अभिनयाला गुण देत होतो. मला तेव्हा जीभ असती तर मी शिवण फाडून ओरडलो असतो.

शाळेचा पालक मेळावा ठरला. आदल्या दिवशी रिकाम्या सभागृहात रंगीत तालीम झाली. वकिलीणबाई मनगटावरचे घड्याळ पुढे धरून बसल्या होत्या. सगळे झाल्यावर लवंगी थांबली नाही. ती म्हणाली, "काल मी उठत नव्हते तेव्हा घाबरलीस ना? वेडी कुठली! तोंडावर पाणी मारायचं. उठते मी."

"हे काय नवीन?" वकिलीणबाईंनी विचारले.

"बाई, असं पण म्हणते ती."

"ती कोण?"

त्या क्षणी माझ्या खाली तिचे काळीज पहिल्यांदा धडधडले. इतक्या जोरात, की माझे बटण हलले. ती खाली पाहत म्हणाली, "ती... कोटातली."

"मग कोटातलीला सांग, आपल्याला बारा मिनिटं मिळालीत. विषयाला सोडून आहे ते. गाळ ते वाक्य."

"बाई, पण ते खरंच तसं..."

"लवंगी, वाद नको."

सिस्टर अर्ध्या उठल्या. "थांबा हो. काय म्हणतेय ती, ऐकू तरी."

"उद्या पाहुणे खोळंबतील, सिस्टर. हिला आता घरी जाऊ द्या."

लवंगीने मला अंगातून काढले, नीट घडी घातली आणि टेबलावर ठेवले. ती गेली.

मेळाव्यात तिने ते वाक्य गाळले. मुलगी आज्ञाधारक होती. तिसऱ्या रांगेत तिची आई बसली होती, कामावरून तशीच आलेली, हातात डब्याची पिशवी. तिच्या शेजारी एक तरुण मुलगी होती, उकाड्यातही मनगटापर्यंत बाह्या ओढून बसलेली. लवंगीची नजर तिकडे गेली आणि तिची बोटे माझ्या खिशातल्या पुडीवर आवळली. बारा मिनिटे पूर्ण झाली. आईने सगळ्यांहून जास्त वेळ टाळ्या वाजवल्या. शेजारच्या मुलीचे हात मांडीवरून उचलले गेले नाहीत.

त्यानंतरच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही नववीच्या वर्गात गेलो, तेव्हा लवंगीची जागा रिकामी होती.

"आज कोट कोण घालणार?" काकांनी विचारले. कोणी हात वर केला नाही.

बाकावरची ती मैत्रीण उभी राहिली. "बाई, लवंगीची ताई गेली. मंगळवारी सकाळी."

"कशानं गं?"

"उठलीच नाही. लवंगीनं तोंडावर पाणी मारलं. खूप वेळ मारत बसली, बाई. मग आईला बोलावलं." तिने माझ्याकडे बोट दाखवले. "ते सगळं ताई म्हणायची. लवंगीनं मनानं काहीच रचलं नव्हतं."

वकिलीणबाईंनी खडूचा डबा खाली ठेवला. त्यांना खुर्ची सापडेना. सिस्टरांनी त्यांचा दंड धरला.

लवंगीच्या रक्तातही ते विष निघाले. अर्धी अर्धी करत तिलाही सवय लागली होती. तिच्यावर उपचार सुरू झाले आणि तिला आत्याकडे ठेवण्यात आले. वकिलीणबाई तिला भेटायला गेल्या. साहित्याच्या पिशवीत मीही होतो. आत्याने दार उघडले, आतली खोली दाखवली आणि निघून गेली. लवंगी पलंगाच्या कडेला बसली होती. ती अर्धीच उरली होती.

"कशी आहेस, बाळ?"

तिने पिशवीतून डोकावणाऱ्या माझ्या बाहीकडे पाहिले. मग ती म्हणाली, "तुम्ही टाळ्या वाजवल्या."

मी वकिलीणबाईंना चाळीस वर्षे ओळखतो. नवऱ्यापुढे, मुलापुढे, कोणापुढेही त्यांनी कधी चूक कबूल केली नव्हती. त्या दिवशी त्या पलंगापाशी जमिनीवर बसल्या. "चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "माझ्या घरातला एक असाच गेला. तेव्हाही मला दिसलं नव्हतं. वाटलं होतं, आता मला सगळं दिसतं."

"आता काय उपयोग?"

"ताईसाठी काही नाही. खोटं सांगणार नाही तुला. तुझ्यासाठी असेल. नसेलही. मी बसलेय."

मग लवंगी बोलू लागली. ती काय बोलली ते मी सांगणार नाही. ते तिचे आहे. वकिलीणबाईंनी मनगटावरचे घड्याळ काढून पिशवीत टाकले होते. ते माझ्यावरच पडले.

लवंगी शाळेत परतली नाही. ती जगेल का, नीट होईल का, हे मला ठाऊक नाही. संस्था अजून शाळांत जाते. नकाराच्या तालमीत आता राक्षस नसतो आणि टाळ्या नसतात. तालमीनंतर सिस्टर प्रत्येक मुलाला एकटे बसवून विचारतात, "हे बोलणं तू कुठं ऐकलंस?" बहुतेक मुले म्हणतात, सिनेमात. काही मुले काहीच म्हणत नाहीत. त्या मुलांपाशी सिस्टर बसून राहतात. मला कोणी घालत नाही. मी कपाटात आहे आणि कसर बाहीवरून खांद्याकडे सरकते आहे. मला त्याचे दुःख नाही.

मित्रांनो, माझी कोणी निगा राखावी अशी माझी मागणी नाही. माझे सांगणे दुसरे आहे, आणि ते आज्ञा समजून ऐका. तुमच्या घरात कोणी मायेने विष देत असेल, तर ते गोष्टीत, चित्रात, नाटकात गुंडाळून सांगू नका. मोठी माणसे शहाणी असतात असे तुम्हाला शिकवले आहे. पण ती घाईत असतात. तुम्ही खरे सांगत असाल आणि समोरचा कौतुक करत असेल, तर तिथेच थांबा. अंगातला कोट काढा, जमिनीवर टाका, माझ्यावर पाय द्या हवे तर, आणि म्हणा, "हे नाटक नाही. माझ्या घरी हे चालू आहे." त्याने ऐकले नाही, तर दुसऱ्याकडे जा. दुसऱ्याने ऐकले नाही, तर तिसऱ्याकडे. कोणी तुम्हाला वाक्य गाळायला सांगितले, तर ते गाळू नका.