आधी दिव्याला विचार

समजा, तुमच्या हातात वीज मोजायचं एक जुनं मल्टिमीटर आहे. पिवळं, एका कोपऱ्यात तुटलेलं, शेजाऱ्यांनी अंगणात विकायला मांडलेल्या जुन्या सामानातून उचललेलं. त्याची दोन टोकं आमच्याकडच्या भिंतीतल्या प्लगमध्ये घातली की एकशे वीस व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. हे दाखवतं एकशे त्रेपन्न. त्याने नवाकोरा सेल मोजून पाहिला, तर त्याचाही आकडा फुगवून सांगतं. मग तुम्ही काय कराल? फेकून द्याल?

एलोडीने तेच ठरवलं होतं. कॅनडात, केबेकमधल्या आमच्या बोस खोऱ्यात मेपलच्या रसाचा पाक करणारी घरं पुष्कळ. त्यातल्याच एका घरची ही बारा वर्षांची मुलगी. पण त्या दिवशी नेमके रोझेर त्यांच्याकडे आले होते. रोझेर पंप दुरुस्त करत. ज्याच्या जमिनीवर त्यांनी गुडघे टेकले नाहीत, असा गोठा किंवा पाक करायचं साखरघर आमच्याकडे सापडणं कठीण.

"खोटारडं आहे हे," एलोडी म्हणाली.

"खोटारडं नाही गं, उपाशी आहे. त्याच्या पोटातला सेल पाहिलास?"

तिने पाहिला नव्हता. सेल बदलला आणि मीटर शहाण्यासारखं एकशे एकवीस सांगू लागलं.

"भूक लागली की तूसुद्धा असंच वाढवून सांगतेस," रोझेर म्हणाले. "म्हणे, सकाळपासून काही खाल्लं नाही."

मग त्यांनी आतला फ्यूज काढला आणि हसायचे थांबले. जळालेल्या फ्यूजला कुणीतरी चॉकलेटचा चंदेरी कागद गुंडाळला होता. "ज्याने हे केलं त्याला फ्यूज वाचवायचा होता. हात गेला तरी चाललं असतं." त्यांनी आपल्या पेटीतला नवा फ्यूज बसवला.

तो संध्याकाळपर्यंतच टिकला. एलोडीने लाल वायर करंट मोजायच्या भोकात ठेवली आणि टोकं तशीच प्लगमध्ये घातली. टक्. तिने रडतच रोझेरना फोन केला.

"बरं झालं," ते म्हणाले. "तो त्यासाठीच असतो. आता रडणं थांबव आणि ऐक. फ्यूज गेलेला आणि वायर त्याच भोकात, असं असलं की मीटर सगळीकडे शून्य दाखवणार. जिवंत तारेलाही मेलेली म्हणणार. म्हणून तीनदा विचारायचं. आधी दिव्याच्या प्लगला विचार, कारण दिवा जळतोय म्हणजे त्याचं उत्तर आपल्याला ठाऊक असतं. मग ज्यात हात घालायचा त्याला. मग परत दिव्याच्या प्लगला."

"परत कशाला?"

"मधल्या वेळात मीटरच मेलं असेल तर?"

तसा फ्यूज गावात मिळाला नाही. वायर योग्य भोकात असली की व्होल्ट बघता येत होते, त्यामुळे एलोडीने मीटर तसंच वापरलं.

मार्च आला. रात्री गोठवणाऱ्या, दुपारी बर्फ वितळवणाऱ्या. झाडांतून रस धो धो येत होता आणि नेमका तेव्हाच खालच्या खोपटातला, टाकीतला रस वर चढवणारा पंप बंद पडला. टाकी भरत चालली. संध्याकाळपर्यंत रस बर्फावर सांडणार होता.

"शहरातून माणूस बोलावतो," एलोडीचे वडील सिल्वाँ म्हणाले. "रोझेर आता थकले. मागच्या खेपेला हातोडी विसरले, त्याआधी टोपी."

"टोपी तर तुम्हीपण विसरता, पपा."

"मी विजेत हात घालत नाही." त्यांनी फोन उचलला. "ठीक आहे. रोझेरनाच बोलावतो. पण काही चुकलं, तर हे शेवटचं."

रोझेर आले. स्वतःचं मीटर घरीच विसरले होते. एलोडीने आपलं दिलं. खोपटात एकच दिवा, तोही मिणमिणता. रोझेरनी वायरी खोचल्या आणि पंपाच्या स्विचचं झाकण उघडलं. वरच्या घरातल्या विजेच्या पेटीपासून सिल्वाँनी ओरडून सांगितलं, "पंपाचा खटका पाडलाय!" आणि ते खाली येऊन दारात उभे राहिले.

रोझेरनी टोकं तारांना लावली. शून्य.

"मेलेली आहे," म्हणत त्यांनी स्क्रू ड्रायव्हर उचलला.

एलोडीला लाल वायर दिसली. चुकीच्या भोकात. ओरडली असती तर वडिलांना सगळं कळलं असतं.

"रोझेरकाका, एक मिनिट. दिव्याला मी विचारू? मला आवडतं ते."

ती मीटर घेऊन दिव्याच्या प्लगकडे गेली. दिव्याच्या वायरीशेजारच्या रिकाम्या भोकांत टोकं घातली. शून्य. आणि वर दिवा जळत होता.

रोझेरनी आकडा पाहिला, मग दिवा पाहिला. स्क्रू ड्रायव्हर हळूच खाली ठेवला. एलोडीने वडिलांकडे पाठ केली, अंगठ्याने लाल वायर काढून योग्य भोकात खोचली. एकशे एकवीस. तिने मीटर रोझेरच्या हातात दिलं.

त्यांनी पुन्हा टोकं पंपाच्या तारांना लावली. दोनशे चाळीस, पंपाचे पूर्ण व्होल्ट.

"सिल्वाँ, तू भलताच खटका पाडलास," ते शांतपणे म्हणाले. "शरद ऋतूत तुम्ही नव्या तारा टाकल्यात ना?"

सिल्वाँचा चेहरा उतरला. "हो की. पेटीवरची नावं बदलायची राहिली. बरं झालं तुम्ही तपासलंत. नाहीतर माझ्या हातून..."

रोझेर इथे थांबले असते तरी चाललं असतं. कुणालाच काही कळलं नसतं. पण रोझेरनी टोपी काढली.

"मी नाही तपासलं. वायर मीच चुकीची खोचली आणि दिव्याला विचारायला विसरलो. विचारलं ते हिने."

टाकीत रस पडतच होता.  सिल्वाँनी वर जाऊन एकेक करत सगळेच खटके पाडले, फक्त खोपटातल्या दिव्याचा सोडून, आणि ते परत आले. रोझेरनी टोकं लावली. या वेळी शून्य.

स्क्रू ड्रायव्हर जमिनीवर तसाच होता. रोझेरनी तो उचलला नाही. सिल्वाँनी वाकून हात पुढे केला, मग तेही थांबले.

एलोडी मात्र मीटर घेऊन पुन्हा प्लगकडे गेली. तिसऱ्यांदा विचारायचं राहिलं होतं. एकशे एकवीस. मग तिने जमिनीवरचा स्क्रू ड्रायव्हर उचलला, पँटला पुसला आणि रोझेरच्या तळहातावर ठेवला.